गुडघ्याचं औषध

"साखर तुम्हाला डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सोडायला लावली आहे. जी आधीच गेली ती तुम्ही आता कशी सोडणार? दुसरं काहीतरी बोला."

एवढं बोलून मुकादमबाईंनी चमचा टेबलावर आपटला. आजोबांनी आपल्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवला आणि सोडण्यासारखं आपल्याकडे आणखी काय उरलं आहे याचा प्रामाणिकपणे विचार करू लागले. फारसं काही सापडेना.

रविवारची सकाळ होती आणि घरातली पाचही माणसं टेबलाभोवती बसली होती. मुलगा पुठ्ठ्याचे खोके बनवण्याच्या कारखान्यात फिटर होता. गुरुवारी तिथल्या फळ्यावर नोटीस लागली होती : मागणी नाही, म्हणून आठवड्याचे सहा दिवस आता चार, आणि पगारही त्याच मापाने. त्याने ही बातमी दोन दिवस पोटात ठेवली आणि शनिवारी जेवताना ओकून टाकली. मुकादमबाईंनी घास पूर्ण चावला, गिळला, आणि म्हणाल्या, उद्या सगळ्यांनी बसायचं.

मुकादमबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इमारतीतल्या लोकांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं ते नाव होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. वाईट वाटून घेण्याऐवजी त्या नावाला जागत. शाळेत त्या चार इयत्ता गेल्या होत्या आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी इमारतीतल्या दोन वकिलांना गप्प बसवलं होतं. त्यांच्या यजमानांना, म्हणजे आजोबांना, तर बोलण्याची सवयच नव्हती. ते एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होते. जन्मभर लोकांना वर नेऊन सोडलं आणि स्वतः तळमजल्यावर परत आले.

तर नियम मुकादमबाईंचा होता. प्रत्येकाने एक गोष्ट सोडायची, आणि ती आपल्या तोंडाने सांगायची. दुसऱ्याने दुसऱ्याचं सुचवायचं नाही. म्हणजे पुढे कुणी कुणाच्या नावाने बोटं मोडायला नकोत. मुलाने कारखान्याच्या फाटकावरची सिगरेट सोडली. नववीतल्या नातीने मोबाईलचा नेटपॅक अर्ध्यावर आणला. अर्धा म्हणजे कोणता, जागेपणीचा की झोपेतला, असं आजीने विचारून घेतलं. शेवटी आजोबांना वर्तमानपत्र सापडलं. ते आता न्हाव्याच्या दुकानात जाऊन वाचणार होते. टकल्या माणसाने रोज न्हाव्याकडे जाऊन बसणं बरं दिसेल का, अशी नातीने शंका काढली, पण ठराव मंजूर झाला.

उरल्या मुकादमबाई आणि सूनबाई.

आता इथे मुकादमबाईंनी शांतपणे दुपारचा चहा सोडला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण चहा सोडण्यात शोभा नाही. सभा आपण बोलावली, नियम आपण केला, तर सोडायचंही असं की समोरच्यांच्या काळजात चर्र झालं पाहिजे. त्यांनी एक उसासा टाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाल्या, "माझं काय. माझं औषध बंद करा. म्हातारीचे गुडघे चालले काय न चालले काय."

अपेक्षेप्रमाणे एकच गलका झाला. मुलगा म्हणाला, आई, काहीतरीच काय बोलतेस. नातीने आजीचा हात धरला. आजोबांना अचानक खोकला आला आणि ते पाणी प्यायला उठून गेले. मुकादमबाईंनी आणखी दोनदा नको नको म्हटलं आणि मग, तुमची एवढी इच्छाच असेल तर, अशा चेहऱ्याने गप्प बसल्या.

तेव्हा सूनबाई बोलली. ती नाक्यावरच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात हातशिलाईचं काम करायची. पँटचे पाय आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. एकोणीस वर्षांत तिने घरात आवाज चढवला नव्हता. त्याच आवाजात ती म्हणाली, "मग माझा चष्मा राहू दे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवा नंबर दिलाय, पण जुन्यावर भागतंय. आईंचं औषध आधी."

तिने पर्समधून नंबराची चिठ्ठी काढली, चार घड्या घातल्या आणि कपाटाच्या खणात, बटणांच्या डब्याखाली सरकवली. सभा संपली.

आता औषधाचं सांगायला हवं, कारण घरात ते फक्त दोघांना माहीत होतं. निदान मुकादमबाईंची तशी समजूत होती. महिन्याला दोन पाकिटं यायची. आजोबा ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणायचे, जुन्या कागदात गुंडाळून, आणि मागच्या दाराने आत यायचे. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी मुकादमबाई न्हाणीघराचं दार लावून घेत. दोन तास तिकडे कुणी फिरकायचं नाही, आजी गुडघे शेकते आहे. आतून उग्र वास यायचा. औषध म्हटलं की वास आलाच. दोन तासांनी त्या बाहेर येत तेव्हा गुडघे होते तसेच असत, केस मात्र कोळशासारखे काळे असत.

त्यांचे गुडघे ठणठणीत होते. तीन जिने त्या एका दमात चढत. पण केस पंचेचाळिशीतच पांढरे पडले होते, आणि मुकादमबाईंनी ते मानायला नकार दिला होता. समोरच्या घरातली बाई त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. ती पांढरी झाली, वाकली, लोक तिला आजी म्हणू लागले. मुकादमबाईंनी इमारतीखालच्या बाकावर बसून तिच्यादेखत सांगून टाकलं होतं की ही माझ्याहून चार वर्षांनी मोठी. केसांकडे बघून सगळ्यांना ते पटलं. तिलाही हळूहळू पटत चाललं होतं.

पुढचे दोन महिने घरात काटकसरीचं राज्य आलं. मुकादमबाईंना तर उत्साहाचं भरतं आलं होतं. साबणाच्या चिपा एकत्र थापून त्यांनी पाच रंगांची वडी केली. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरून आतून पुसून घेतली. माणूस खोलीत असतानाच दिवा घालवायचा, म्हणजे त्याला उठायची सवय लागते, असं त्यांचं शास्त्र होतं. मुलगा एकदा दाढी करत असताना त्यांनी दिवा घालवला आणि तो तीन दिवस हनुवटीला पट्टी लावून फिरला.

पण या राज्यात त्यांचे स्वतःचे हाल कुत्रा खाईना. सगळ्या घराने ज्या गुडघ्यांसाठी पोटाला चिमटा घेतला, ते दुखायला तर हवेत. म्हणून त्या लंगडू लागल्या. मुलाने न्हाणीघरात स्टूल आणून ठेवलं. नातीने जिना उतरायला बंदी केली, त्यामुळे खालचा बाक सुटला आणि बाकावरच्या बातम्याही सुटल्या. जेवणं झाल्यावर त्यांना उठूच देत नसत. एक दिवस त्या ओट्याकडे जाताना नात म्हणाली, "आजी, काल डावा दुखत होता. आज उजवा कसा काय?"

"दुखणं हिंडतं मेलं," मुकादमबाई म्हणाल्या, "त्याला काय माझ्यासारखी जिन्याची बंदी आहे?" पण तेव्हापासून त्या डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधू लागल्या. विसरायला नको.

त्या दोऱ्यामुळेच त्यांना पहिल्यांदा काहीतरी खटकलं. एका सकाळी दोरा तुटला. नवा घ्यायला त्यांनी सूनबाईची शिवणाची पेटी उघडली. आत दहा सुया एका चिंधीला ओळीने टोचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत दोरा ओवलेला. काळा, पांढरा, तपकिरी, निळा.

शिवणकाम करणारी बाई दहा सुया ओवून कशाला ठेवील? मुकादमबाई चार इयत्ताच शिकल्या होत्या, पण त्यांना हे गणित सुटायला वेळ लागला नाही. त्यांनी नातीला न्हाणीघराजवळ गाठलं आणि फैलावर घेतलं. नात आधी आईने शपथ घातली आहे म्हणाली. मग म्हणाली की शाळेत जायच्या आधी रोज मीच ओवून देते, आईला सुईचं भोक दिसत नाही. आणि मग रडायला लागून तिने उरलेलंही सांगितलं. गेल्या आठवड्यात आईने एका माणसाची पँट आखूड केली. एक पाय बरोबर झाला आणि दुसरा दोन बोटं वर गेला. तो माणूस ती तशीच घालून दुकानात आला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उभा राहिला. एक पाय समारंभाला निघालेला, एक पाय पाण्यातून चाललेला. लोक हसले. दुकानाचे मास्तर हसले नाहीत. पँटची किंमत त्यांनी आईच्या पगारातून कापली, आणि पुन्हा एकदा असं झालं तर दुसरी बाई बघेन म्हणाले.

मुकादमबाईंनी नातीचे डोळे पुसले आणि तिला शाळेत पिटाळलं. मग त्या पलंगावर बसल्या. मुलाचे दोन दिवस गेले होतेच. आता सुनेचा पगारही गेला तर या घराचं काय होईल, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तो जाणार होता एका सुईच्या भोकापायी. नाही, सुईच्या भोकापायी नाही. पलंगाखाली त्यांची ट्रंक होती. महागाई वाढणार म्हणून त्यांनी आजोबांकडून जास्तीची पाकिटं मागवून ठेवली होती. दुनियेला साबणाच्या चिपा थापायला लावून स्वतःच्या ट्रंकेत सहा पाकिटं.

त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. त्यांना कुणी बोल लावला नव्हता, आणि लावला असता तर उलट बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

अकराच्या सुमारास त्यांनी अंगठ्याचा दोरा सोडला, पिशवीत सहाही पाकिटं भरली आणि तीन जिने सरळ उतरून गेल्या.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. मुकादमबाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणाल्या की हे परत घ्या. औषधवाल्याने कारण विचारलं. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गुडघा बरा झाला."

औषधवाल्याने पिशवीत डोकावून पाहिलं. तो सरळमार्गी माणूस होता. "पण आजी, हा तर केसांचा कलप आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज काही खाली नव्हता.

कफाच्या औषधासाठी थांबलेला माणूस खोकायचा थांबला. मुकादमबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खोकू लागला. मग त्या म्हणाल्या, कलपच आहे, मला वाचता येतं. पाकिटं फोडलेली नाहीत, तारीख पुढची आहे, आणि पंधरा वर्षं माझे यजमान इथूनच नेतात.

"म्हणजे ते टकलू आजोबा?" औषधवाल्याचा चेहरा उजळला. "पंधरा वर्षं मी विचार करतोय, हा माणूस कलप नेतो तरी कुठे लावायला. शेवटी मला वाटलं, बाहेर विकत असतील."

विकलेला माल परत घ्यायचा नाही अशी पाटी त्याच्या डोक्यावरच लावलेली होती. मुकादमबाईंनी ती वाचली आणि मग पंधरा वर्षांचे महिने किती होतात ते त्याला मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजून दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या वर्षापाशी त्याने गल्ला उघडला.

तिथून त्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. नंबराची चिठ्ठी त्यांनी बटणांच्या डब्याखालून काढून आणली होती. जवळच्या-लांबच्या दुहेरी काचा बाहेरून मागवाव्या लागतात, तीन आठवडे लागतील, असं तिथला माणूस म्हणाला. सहा पाकिटांत अर्धे पैसे भागले. उरलेले चष्मा न्यायच्या वेळी द्यायचे. तेही कुठून येणार ते मुकादमबाईंना माहीत होतं. पाकिटं आता येणारच नव्हती.

संध्याकाळी सूनबाई दुकानातून आली तेव्हा तिच्या हातात त्यांनी चष्म्याची पावती ठेवली आणि ओट्याकडे तोंड करून भांडी घासू लागल्या. भांडी आधीच घासलेली होती. माझा गुडघा बरा झाला, त्या म्हणाल्या, तेव्हा औषधाचे पैसे वाचले. अगदी अचानक बरा झाला. असं होतं कधीकधी.

सूनबाईने पावती डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचली. मग म्हणाली, "आई, तुम्ही कलप बंद करू नका."

मुकादमबाईंच्या हातातलं भांडं थांबलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"उशीचे अभ्रे कोण धुतं घरात?" सूनबाई म्हणाली. "लग्न होऊन आले त्याच्या चौथ्याच वर्षी कळलं. काळे डाग नुसत्या साबणाने जात नाहीत. लिंबू लावावं लागतं."

पंधरा वर्षं. मुकादमबाईंनी मनातल्या मनात किती लिंबं होतात ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांना आधी राग आला, कारण तो त्यांच्या हाताशी नेहमी तयार असायचा. "मग त्या दिवशी टेबलावर तोंड शिवलं होतंस? माहीत होतं तर माझे गुडघे कशाला पुढे केलेस?"

सूनबाईने ते हळूच, घरातली साधी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. "तुम्ही तयार होऊन खाली उतरता ना, तेव्हा मी खिडकीतून बघते. तुम्ही मान वर करून चालता. रस्त्यावरचे लोक बाजूला होतात. आमच्यापैकी कुणाला नाही तसं चालता येत. ह्यांचे कामाचे दोन दिवस गेल्यापासून तर घरात सगळेच खाली बघून चालतात. मला वाटलं, एकीने तरी तसं चालावं."

मुकादमबाई म्हणाल्या, "तू आधी सुई ओवून दाखव. मग मला चालायला शिकव." आणि घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं.

ते तीन आठवडे सगळं घर शिवणकामात होतं. सूनबाई गिऱ्हाइकाचं काम घरी आणायची आणि मुकादमबाई प्रत्येक पँटचे दोन्ही पाय पट्टीने तीन-तीनदा मोजायच्या. आजोबा सुया ओवायचे. लिफ्टमध्ये जन्मभर एका जागी उभं राहून त्यांचा हात स्थिर झाला होता. मास्तरांना दुसरी बाई बघावी लागली नाही.

आणि मुकादमबाईंच्या भांगातून पांढरं वर येऊ लागलं. आधी रेघ, मग बोटभर पट्टा. खाली कोळसा, वर चुना. मुलाने चार दिवस न्याहाळलं आणि आईच्या डोक्याला काहीतरी लागलं आहे का, असं बायकोला विचारलं. नातीने मोबाईलवर शोधून सांगितलं की ही हल्ली फॅशन आहे, लोक पैसे देऊन असं करून घेतात. आजोबा एका सकाळी चहा घेता घेता म्हणाले की पांढरे शोभतात. तुम्हाला केसांतलं काय कळतं, असं म्हणून मुकादमबाईंनी त्यांच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला. तो डबा गेले दोन महिने कुलपात होता.

चष्मा आणायला सासू-सुना मिळून गेल्या. येताना बसमध्ये बसल्यावर सूनबाईला काही राहवेना. ती खिडकीतून दिसेल ती पाटी वाचत सुटली. टायर दुकान, दातांचा दवाखाना, भाड्याने देणे आहे. समोरच्या झाडाला पानं आहेत म्हणाली, सुटी सुटी पानं. मुकादमबाई तिला हळू बोल म्हणत होत्या, कारण दोन बाक पुढे समोरच्या घरातली ती बाई बसली होती आणि मागे वळून वळून बघत होती. सुनेच्या चष्म्याकडे कमी, त्यांच्या भांगाकडे जास्त.

कंडक्टर आला. या बसमध्ये म्हाताऱ्या माणसांना अर्धं तिकीट होतं. त्यासाठी वयाचं एक कार्ड लागायचं. आजोबांनी सात वर्षांपूर्वी आपल्याबरोबर बायकोचंही काढून आणलं होतं, आणि त्यावरून घरात दोन दिवस चूल थंड होती. मुकादमबाईंनी सात वर्षं पूर्ण तिकीट काढलं होतं, एकट्या असतानाही.

"कुठे जायचं?"

समोरच्या बाईने पूर्ण मान वळवली. सूनबाई पाट्या वाचायची थांबली आणि पर्समधून दोघींचे पैसे काढू लागली, पूर्ण दोन तिकिटांचे. मुकादमबाईंनी तिचा हात खाली दाबला.

"एक पूर्ण," त्या म्हणाल्या. मग घसा साफ केला आणि पुढच्या दोन बाकांनाच काय, ड्रायव्हरलाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "आणि एक अर्धं."

पुरावा मागणार म्हणून त्यांनी कार्ड आधीच काढून ठेवलं होतं. सात वर्षांत न वापरलेलं, कोरं करकरीत, जन्मतारीख वर येईल असं धरलेलं. कंडक्टरने त्यांच्या डोक्याकडे एकदा पाहिलं, अर्धं तिकीट फाडलं आणि पुढच्या बाकाकडे निघून गेला.

बस दोन थांबे पुढे गेली तरी मुकादमबाई कार्ड तसंच पुढे धरून बसल्या होत्या, मान वर, पाठ ताठ. तिसऱ्या थांब्यावर सूनबाईने ते त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतलं, त्यावरची तारीख नव्या चष्म्यातून वाचली आणि ते त्यांच्या पिशवीत ठेवून दिलं.